वाटपाचं झाड

मला प्रभाकररावांनी फसवलं. आणि मी, मला काहीही ठाऊक नसताना, सेलूपासून राणीसावरगावापर्यंतच्या कितीतरी शेतकऱ्यांना फसवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि आधीच सांगून टाकतो. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडून परदेशातून परत येऊन मातीत रमलेल्या माणसाच्या आठवणी मागवल्या आहेत. वाचणारा नुसत्या गोड आठवणींच्या आशेनं बसला तर शेवटी मलाच शिव्या देईल. गोड आठवणी आहेत, पुष्कळ आहेत. पण त्या मोसंबीच्या आहेत, आणि मोसंबीच्या गोडीवरून माझं आणि प्रभाकररावांचं भांडण अजून मिटलेलं नाही.

माझं नाव किसन. गाव परभणी जिल्ह्यातलं, देवगाव फाट्याच्या जवळचं. आम्ही बौद्ध. छप्पन्ननंतर आमच्या वाड्यानं गावकीची कामं सोडली, पण पोट सुटत नाही, म्हणून माझी माय अप्पांच्या मळ्यात रोजानं खुरपायला जात राहिली. अप्पा म्हणजे नरहरराव, गावातले मोठे जमीनवाले. प्रभाकर हा त्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा. तो शेतकी शिकायला गेला आणि मी मुंबईच्या गोदीत हमाली करायला गेलो. गोदीतून बोटीवर आणि बोटीवरून बहरीनला. तिथं एका अरब शेठच्या बागेत मी आधी पाणी धरलं, मग आळी केली, आणि शेवटी हातात चाकू आला. तिथल्या म्हाताऱ्या इराणी माळ्यानं मला डोळे भरायला, म्हणजे कलम करायला, शिकवलं. त्याची भाषा मला कळत नसे. माझं काम चुकलं की तो माझ्या बोटांवर काडी मारायचा, तेवढं कळायचं.

एकोणसत्तरच्या शेवटी मी परतलो. अंगात टेरिकॉटचा बुशशर्ट, मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ, काखेत ट्रान्झिस्टर. फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा हॉटेलवाला म्हणाला, "या साहेब." मग त्यानं नीट पाहिलं आणि म्हणाला, "आरं, किसन्या का तू?" साहेबाचा किसन्या व्हायला एवढाच वेळ लागला. पुढं वर्षभरात मी किसन्याचा किसनराव झालो, ती माझी कमाई. कुणी दिलेली नाही.

सगळे म्हणाले, पिठाची गिरणी टाक, किराणा टाक. मी रस्त्याकडेची चार एकर मुरमाड जमीन घेतली. विकणाऱ्यानं ती माझ्या गळ्यात मारली असं त्याला वाटत होतं. मी तीन बाजार त्याच्याशी नुसती घासाघीस केली. प्रत्येक वेळी जमिनीत एक नवा दोष काढायचो, आणि तो बिचारा स्वतःच आणखी दोन दोष कबूल करायचा. त्याला हे माहीत नव्हतं की काळ्या चिकट जमिनीत रोपांची मुळं कुजतात आणि मला मुरूमच पाहिजे होता. मुरमात विहीर खोदली. तिला पाणी लागलं त्या दिवशी मायनं विहिरीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही आपली? ह्येच्यात आपन कदीबी घागर सोडावी?" मी म्हणालो, "कधीबी." तिनं लगेच सोडली. घरात पाणी भरलेलं होतं, तरी सोडली.

आता धंदा सांगतो, कारण तो कळल्याशिवाय फसवणूक कळायची नाही.

मोसंबीचं रोप बियांपासून करत नाहीत. आधी जंबेरी नावाच्या आंबट, काटेरी लिंबाच्या बिया वाफ्यात टाकायच्या. ते रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याला खुंट म्हणतात. मग चांगल्या, नावाजलेल्या मोसंबीच्या झाडाच्या कोवळ्या काड्या आणायच्या. त्या काडीवर पानाच्या बगलेत बारीक डोळे असतात. चाकूनं एक डोळा सालीसकट काढायचा, खुंटाच्या सालीला चीर देऊन तिच्यात बसवायचा आणि केळीच्या सोपटानं घट्ट बांधायचा. डोळा धरला की वरचा खुंट छाटून टाकायचा. पुढं वाढते ती मोसंबी. मुळं जंबेरीची आणि फळ डोळ्याचं. डोळा ज्या झाडाचा, फळ त्याच झाडासारखं. चांगलं तर चांगलं, वाईट तर वाईट.

आणि मेख अशी की हे फळ चार-पाच वर्षांनी लागतं. कापडात फसलात तर पहिल्या धुण्यात कळतं. बैलात फसलात तर पहिल्या नांगरटीत कळतं. रोपात फसलात तर लेकरू शाळेत जायला लागल्यावर कळतं. तोवर पान तेच, काडी तीच. जगातल्या कुठल्याही शहाण्याला नुसतं रोप पाहून फळाची चव सांगता येत नाही. म्हणून या धंद्यात विकत घेणारा झाड घेतच नाही, माणसाची जबान घेतो.

मला काड्या हव्या होत्या आणि त्या वेळी आमच्या भागात जुनी मोसंबी होती ती एकट्या अप्पांच्या मळ्यात, विहिरीच्या भोवती. मी गेलो. मळ्याच्या फाटकाशी अप्पांनी माझ्यासाठी खुर्ची टाकायला लावली. आमच्या वाड्यातल्या माणसाला त्या फाटकात खुर्ची मिळाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. खुरपणाऱ्या बाया वाकून वाकून बघत होत्या. त्यांत मायही होती.

"काय किसन, अरबाच्या मुलकात लय कमावलंस म्हन," अप्पा म्हणाले.

"काड्या पायजेत मोसंबीच्या. डोळे भरायला. पण आधी फळ खाऊन बघनार."

"खा की. प्रभाकर, किसनला ताटली आन."

प्रभाकरराव शिक्षण संपवून नुकतेच परतले होते. त्यांनी आतून ताटली आणली. फोडी केलेल्या, रस गळत होता. मी बहरीनमध्ये अरब शेठच्या पंगतीत उरलेली फळं खाल्लेली आहेत. त्यांच्यापेक्षा ही सरस होती. मी तोंड वाकडं केलं. सौद्यात चांगल्याला चांगलं म्हणायचं नसतं.

"बरी हाय," मी म्हणालो. "काय घेता?"

अप्पांनी माझ्या मनगटाकडं पाहिलं. त्यांना घड्याळ पाहिजे होतं. मी म्हणालो, घड्याळ बायकोच्या भावाला कबूल केलंय. मला बायकोचा भाऊ नाही. मग बराच वेळ आम्ही पिकापाण्याचं बोललो, मध्येच मी उठून जायला निघालो, अप्पांनी परत बोलावलं, आणि शेवटी ट्रान्झिस्टरवर सौदा ठरला. एका हिवाळ्यात लागतील तेवढ्या काड्या. घड्याळ वाचवलं या आनंदात मी इतका होतो की फाट्यापर्यंत गाणं म्हणत गेलो.

काड्या कापताना मी तिथं नव्हतो. झाडं विहिरीशी होती, आणि त्या विहिरीकडं आमचं माणूस जात नसे. सत्तर सालीही जात नसे. मला कुणी "येऊ नको" म्हणालं नाही. खुर्ची फाटकाशी होती, एवढंच. प्रभाकरराव कात्री घेऊन आत गेले आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली मोळी घेऊन बाहेर आले. "ताज्या आहेत, किसनराव," ते म्हणाले. मला किसनराव म्हणणारा तो त्या घरातला पहिला माणूस. मोळी सोडून मी काडी अन् काडी तपासली. डोळे फुगलेले, साल हिरवी, रोग नाही. प्रत्येक काडी पहिल्या नंबरची होती.

त्या हिवाळ्यात मी जेवढे डोळे भरले तेवढे आयुष्यात पुन्हा भरले नाहीत. पहाटे थंडीत बसायचं, मांडीवर ओलं फडकं, फडक्यात काड्या. माय सोपटाच्या दोऱ्या चिरून द्यायची. डोळा जगला की त्याला हात लावल्यावर पानाचं वाळकं देठ गळून पडतं. मेला तर देठ चिकटून राहतं. रोज सकाळी वाफ्यातून हिंडत देठांना बोट लावायचं आणि टपटप गळताना बघायचं, या सुखाला मी कशाचीही जोड देणार नाही. बहरीनहून आणलेला सगळा पैसा त्या वाफ्यांत पुरला होता आणि तो हिरवा होऊन वर यायला लागला होता.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. शेतकऱ्याला उंच रोप आवडतं. खुंटाच्या बुडातून जंबेरीची फूट निघाली की ती मोसंबीपेक्षा जोरात वाढते, आणि लोक नेमकी तीच ठेवतात, कारण तिची वाढ डोळ्यात भरते. मी प्रत्येकाला ओरडून सांगायचो, बुडाची फूट मोडा, काटा दिसला की मोडा. एकानं फूट जपली आणि खरी मोसंबी मोडून टाकली, कारण ती "मागं पडायली होती". सेलूचे एक मास्तर आले. सगळी रोपं पाहून झाल्यावर म्हणाले, "किसनराव, फळ गोडच निघेल असं लिहून द्या."

"मास्तर, तुमी पोरं पास करायचं लिहून देता का?"

"देत नाही."

"मग मी तुमच्या वरचढ. मी देतो." आणि दिलं. मास्तरांनी चार रोपं नेली.

राणीसावरगावचा काशिनाथ याच दिवसांत आला. हलकी, माळरानाची जमीन, घरात चार माणसं, आणि डोक्यात बाग. त्यानं ज्वारीचं रान मोडून मोसंबी लावायचं ठरवलं होतं. त्याचे भाऊ त्याच्याशी बोलेनासे झाले होते. तो फाट्यावर उतरला, माझ्याकडं दोन दिवस राहिला आणि प्रत्येक रोप हातानं निवडून घेतलं. त्याच्याशी घासाघीस करायला मजा आली नाही, कारण मी बोललेला भाव तो मान खाली घालून ऐकत राहायचा आणि शेवटी मलाच कमी करावा लागायचा. सेलूहून रेल्वेनं गंगाखेड आणि तिथून बैलगाडीनं, मातीचे गोळे गवतात बांधून त्यानं रोपं नेली. निघताना म्हणाला, "किसनभौ, फळ लागलं की पयली पाटी तुमाला घिऊन येतो."

पुढच्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. जे त्यातून गेले त्यांना तो सांगायला नको. माझी मुरमातली विहीर टिकली. तिच्यावर सगळं गाव आलं. ज्यांनी कधी आमच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं तेही आले, आणि माय काठावर बसून सगळ्यांना सांगायची, "भरा, भरा, कवाबी भरा." अप्पांची विहीर आटली होती. त्यांची मोसंबी वाळायला लागली तेव्हा प्रभाकररावांनी गाडीवर पिंप घालून गडी पाठवला. मी पाणी दिलं. मनात हिशेब होता, नाही म्हणत नाही. ती माझ्या धंद्याची आईझाडं होती. उन्हाळाभर त्यांचं पिंप माझ्या विहिरीवर भरत होतं. त्यातलं पाणी आत कुठल्या कुठल्या झाडाला जातं हे मला दिसत नव्हतं.

तिकडं काशिनाथ दुष्काळी कामावर खडी फोडायचा आणि संध्याकाळी दूरच्या झऱ्यावरून खांद्यावर कावड वाहून एकेका झाडाला तांब्यातांब्यानं पाणी घालायचा. हे मला त्यानं नंतर सांगितलं. घरात आंघोळी बंद होत्या. बायकोनं विचारलं, लेकरं मोठी का झाडं मोठी? तो म्हणाला, किसनभौनं जबान दिलीय. त्याची बहुतेक सगळी झाडं जगली. त्या दुष्काळात मोसंबी जगवणारी माझी गिऱ्हाइकं जिल्ह्यात ठिकठिकाणी होती. मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा!

शहात्तरला पहिला बहर आला. माझ्या शेतात बांधावर लावलेल्या झाडांना फळं धरली. जाड सालीची, आत कोरडी. मी मनाला समजावलं की पहिला बहर असाच असतो. ते खोटं नव्हतं. कोवळ्या झाडाची पहिली फळं जाडच असतात. गिऱ्हाइकांनाही तेच सांगितलं. सत्त्याहत्तरला दुसरा बहर आला आणि तसाच आला.

सेलूच्या आठवडी बाजारात मी रोपं घेऊन बसत असे. त्या दिवशी गर्दीतून काशिनाथ आला, डोक्यावर पोतं. मला वाटलं, पहिली पाटी आली. त्यानं पोत्याचं तोंड सोडलं आणि सगळी फळं माझ्या पुढ्यात ओतली. ती रोपांच्या कुंड्यांना धडकत पार रस्त्यापर्यंत गेली.

"खा," तो म्हणाला.

"काशिनाथ, बस आधी."

"बसत न्हाई. खा तू. समद्या म्होरं खा."

मी एक सोललं. आत भुसा. पाणी म्हणून नाही, चिपाड चघळल्यासारखं.

"लेकरायच्या तोंडचं पानी घातलं मी ह्येला," काशिनाथ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यानं जास्त लागलं. "भाऊ म्हनत व्हते, अरबाकडून आल्याला मानूस, ठकवील. मी त्यायच्याशी भांडलो तुमच्यापायी."

भोवती माणसं जमली होती. कुणीतरी मागून बोललं, "त्याच्या वाड्यातली रोपं, गोड कुठून यावी?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. चार माणसांनी धरलं नसतं तर त्या दिवशी काहीही झालं असतं. मास्तरही तिथं होते. त्यांनी माझं लिहून दिलेलं काढलं नाही. नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि भाजीची पिशवी घेऊन निघून गेले. सात वर्षं जपलेलं 'राव' त्या बाजारात गळून पडलं, वाळक्या देठासारखं.

काशिनाथची दोन-चार फळं मी पिशवीत घालून घरी आणली. का आणली ते सांगता येणार नाही. माय ओसरीवर होती. तिला काही सांगितलेलं नव्हतं. तिनं पिशवीत हात घातला, एक फळ सोललं, फोड तोंडात टाकली आणि निवांत चावत राहिली.

"कशी हाय?" मी विचारलं.

"चांगली हाय की. मोसंबी हाय."

"माय, ही चांगली? भुसा हाय नुसता!"

"मोसंबी आशीच आसती, बाबा. अप्पाच्या मळ्यात आमाला द्यायचे ती आशीच. ह्येच झाड. वाटपाचं." तिनं आणखी एक फोड घेतली. "तुला न्हाई का आठवत? ल्हानपनी पदरात आनायची मी. तू साल सुदिक चावायचास."

मी खाली बसलो. मग तिच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. अप्पांच्या विहिरीभोवतीची झाडं घरची आणि पाहुण्यांची. त्यांतलं एकच झाड पलीकडं, गुरांच्या हौदाजवळ. फळ दिसायला मोठं, आत कोरडं; घरात कुणी तोंडाला लावत नसे. सणासुदीला गड्यांना, खुरपणाऱ्या बायांना, आमच्या वाड्यातून कुणी फाटकाशी आलं तर त्याला, त्या झाडाचं द्यायचं. ती त्या घराची रीत होती. मायनं जन्मात दुसरी मोसंबी खाल्लेली नव्हती. तिला वाटत होतं, मोसंबी म्हणतात ती हीच.

मी उठलो तो सरळ अप्पांच्या मळ्यात. अप्पा फाटकाशी बाजेवर होते, उशाशी माझा ट्रान्झिस्टर. खुर्ची रिकामी होती. मी बसलो नाही.

"अप्पा, काड्या कोन्या झाडाच्या दिल्या?"

त्यांनी ट्रान्झिस्टर बारीक केला. "कवाच्या काड्या?"

"रेडिओ घेऊन दिल्या त्या."

"दिल्या आसतील वाटपाच्या. तुमा लोकाला त्याच झाडाचं देत आलाव आमी."

"ताटलीत दुसरी दिली व्हती!"

"खुर्चीवर बसला व्हतास. पावना म्हनून दिली." त्यांना माझा राग खरोखरच कळत नव्हता. "आन् त्या झाडाला काय झालं? ल्हानपनी खात व्हतास तवा गोड लागली की."

मला वाटलं होतं की मी त्यांची मान धरीन. पण त्यांच्या तोंडावर लबाडी नव्हती. लबाड माणूस मला शंभर कोसांवरून ओळखू येतो. तो माझा धंदाच आहे. ही नुसती सवय होती. सवयीशी भांडायचं कसं?

मग आतून प्रभाकरराव आले. मी त्यांना विचारलं, "तुम्ही शिकलेले. डोळा ज्या झाडाचा, फळ त्या झाडाचं, हे मला शिकवायला इराणी माळी लागला. तुम्हाला ते पुस्तकात होतं. कात्री तुमच्या हातात होती. तुम्हाला माहीत नव्हतं?"

ते म्हणाले, "अप्पा म्हणाले, हौदाजवळच्या घे. घरात त्यांच्यापुढं आम्ही बोलत नाही."

"बाहेर येऊन मला बोलायचं होतं. कानात सांगायचं होतं. मी दुसरीकडून आणल्या असत्या!"

"झालं ते झालं, किसनराव."

"बरं. मला रेडिओ नको, भरपाई नको. येत्या बाजारी सेलूला चला. माझ्या शेजारी उभं राहा आणि एवढंच सांगा, काड्या आमच्या वाटपाच्या झाडाच्या होत्या, किसनला ठाऊक नव्हतं. एक वाक्य."

ते अप्पांकडं पाहत राहिले. अप्पा म्हणाले, "आमी बाजारात हुबं राहून तुमची साक्ष द्यावी? आता लय झालं, किसन्या." आणि ट्रान्झिस्टर मोठा केला.

खुर्ची मी उचलून फाटकाबाहेर भिरकावली. तिचा पाय मोडला. एवढंच मला त्या दिवशी जमलं.

लोक म्हणतात, तूच आत जाऊन झाड बघायला पाहिजे होतं, चूक तुझी. मी हे कधी मान्य केलेलं नाही आणि करणार नाही. ज्या वाटेनं जायला पिढ्यान्‌पिढ्या बंदी, त्या वाटेनं का गेला नाहीस हे मला विचारायचं, आणि जो त्या वाटेनं रोज जात होता त्याला काहीच विचारायचं नाही, हा कुठला न्याय?

पुढं मी जे केलं ते अभिमानानं सांगतो. शिल्लक सगळी रोपं उपटून जाळली. घड्याळ विकलं. जालन्याकडच्या एका बागेत गेलो, झाडाखाली उभा राहिलो, फळ स्वतः तोडून खाल्लं आणि त्याच फांदीची काडी स्वतः कापली. मग दोन हिवाळे गावोगाव हिंडलो. ज्यानं ज्यानं माझी झाडं लावली होती त्याच्या बांधावर जाऊन म्हणायचो, फांद्या छाटू द्या, नवे डोळे भरून देतो, काही घेणार नाही. कुणी कुत्रं सोडलं. कुणी झाडं आधीच तोडली होती. मास्तरांनी चारही झाडं हवाली केली आणि चहा पाजला. काशिनाथ तर दोन दिवस बोललाच नाही. तो फक्त पाण्याची कळशी घेऊन माझ्या मागं मागं फिरत होता. तिसऱ्या दिवशी फडकं ओलं करून माझ्या मांडीवर ठेवत म्हणाला, "ह्या काड्या तुमी कापल्या का?"

"मी कापल्या. झाडाखाली हुबं राहून."

"मग भरा."

ते दोन हिवाळे आठवले की आजही बरं वाटतं. परक्या बांधावरची पहाट, चुलीवरच्या भाकरीचा वास, ज्यानं शिव्या दिल्या त्याच्याच घरची ज्वारी. हातात चाकू आणि डोक्यात एकच काम. काशिनाथची बाग पुढं अशी धरली की त्याचे भाऊ परत बोलायला लागले. त्याच्या बागेची पहिली गोड पाटी तो घेऊन आला तेव्हा मी सगळ्यांत आधी मायपुढं ठेवली. तिनं एक फोड खाल्ली. थांबली. माझ्याकडं पाहिलं. उरलेलं अर्धं फळ सालीत परत नीट मिटवून तिनं पाटीत ठेवलं.

"खा की, माय."

"लय गोड हाय," ती म्हणाली. "ही इकायची आसंल."

किती सांगितलं तरी तिनं त्या दिवशी ते अर्धं फळ उचललं नाही.

मोसंबीचं नाव मात्र मला परत मिळालं नाही. पोतं ओतताना सगळ्या बाजारानं पाहिलं. डोळे बदलताना फक्त एकेका बांधानं. त्याच सुमाराला प्रभाकररावांनी फाट्यापुढं आपली रोपवाटिका सुरू केली. त्यांची रोपं उत्तम होती, मी स्वतः खाऊन सांगतो. काड्या विहिरीजवळच्या, घरच्या झाडांच्या. माझ्या विहिरीच्या पाण्यावर दुष्काळ काढलेल्या. मी पुढं लिंबू, पेरू, कडुनिंब विकून संसार केला, मुलं शिकवली, तक्रार नाही.

अप्पा गेले. त्यांचा हिशेब मी मिटवला आहे. त्यांना फरक कळतच नव्हता. माय गेली. काशिनाथ गेला. प्रभाकरराव आहेत. परभणीला असतात, प्रकृती चांगली आहे, शेतकरी मेळाव्यांत रोपांच्या शुद्धतेवर त्यांची भाषणं होतात, लोक टाळ्या वाजवतात. दिवाळी अंक ते वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून हे इथं लिहिलं.

प्रभाकरराव, त्या सकाळी कात्री घेऊन तुम्ही विहिरीजवळ उभे होतात. एका हाताला घरची झाडं, दुसऱ्या हाताला हौदाजवळचं. काय केल्यानं काय होणार हे त्या मळ्यात फक्त तुम्हालाच कळत होतं. तुम्ही हौदाकडं गेलात, कापलंत, गोणपाट ओलं केलंत आणि बाहेर येऊन मला किसनराव म्हणालात. ते 'राव' म्हणताना तुमच्या मनात काय होतं? सेलूचा बाजार अजून भरतो. तुमच्या सोयीचा वार सांगा आणि या. खुर्ची मी आणतो, आणि ती फाटकाशी नाही, बाजाराच्या मधोमध ठेवतो. बसा आणि सांगा.